चेत्पेटचा रस्ता बंद होता

खरं सांगायचं तर रस्त्यांवर माझा जेवढा भरवसा होता, तेवढा देवावर कधीच नव्हता. मी चेन्नईत अड्यारला राहतो, नोकरी शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत. सुट्टी मिळाली की गाडी काढायची आणि मोठा हायवे सोडून आतल्या राज्य मार्गांवर भटकायचं, हा माझा जुना छंद. कुठल्या फाट्यावर कसली पाटी आहे, पिवळ्या डोक्याचे दगड संपून हिरव्या डोक्याचे कुठे सुरू होतात, म्हणजे राष्ट्रीय मार्ग सुटून राज्याचा मार्ग कुठे लागतो, हे बघण्यात मला काय सुख मिळतं ते माझ्या बायकोला आजवर कळलेलं नाही. वडील, म्हणजे आमचे दादा, मात्र हौसेने शेजारी बसत.

आई गेल्यावर दादांना मी मिरजेहून इकडे आणलं. ते जन्माचे दत्तभक्त. पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला गेल्याशिवाय चैन न पडणारा माणूस, भाषा न कळणाऱ्या शहरात तिसऱ्या मजल्यावर येऊन राहिला. मग हळूहळू त्यांना विसर पडू लागला. आधी माणसांची नावं गेली, मग आपण कुठे राहतो ते, आणि शेवटी आई गेली हेही. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. आयुष्यभर ज्याचं नाव घेतलं त्याने यांच्या वाट्याला हे द्यावं, याचा मला फार राग होता. देवघरासमोर मी हात जोडायचो ते केवळ दादा बघत असायचे म्हणून.

आडी महिन्यातला, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणातला रविवार होता. दादांनी सकाळपासून धोशा लावला होता, “मला वाडीला ने.” वाडी कुठे आणि चेन्नई कुठे! शेवटी बायको म्हणाली, “तिरुवण्णामलैला तरी घेऊन जा त्यांना. देऊळ बघितलं की शांत होतील.” मला तेवढंच निमित्त हवं होतं. उत्तिरमेरूर, वंदवासी असा माझ्या आवडीचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना भातखाचरं, मधूनच तळं, गावागावांत अम्मन देवीच्या जत्रेचे कर्णे. दादा खुशीत होते. गाडीला धक्का बसला की सवयीने “श्रीगुरुदेव दत्त” म्हणत.

वंदवासीच्या पुढे एका फाट्यावर मला घाणेरीच्या झुडपात एक जुना मैलाचा दगड दिसला. त्यावरची तमिळ अक्षरं अर्धी मातीत गेलेली. एक फोटो घ्यावा म्हणून गाडी सावलीत लावली, दादांना म्हटलं, “बसा हं, आलोच.” ते हसले. माती झटकून, फोटो काढून मी मागे वळलो तर गाडीचं दार उघडं आणि सीट रिकामी.

मी हाका मारत फाट्यावर धावलो. चहाच्या दुकानातल्या माणसाने हाताने खूण करून सांगितलं, “तात्ता बसमध्ये चढले.” तात्ता म्हणजे आजोबा. पण बस दोन येऊन गेल्या होत्या. एक डावीकडे चेत्पेटला, चेन्नईतलं नव्हे, तिकडचं. दुसरी उजवीकडे देसूरला. कुठल्या बसमध्ये चढले? त्याला नक्की आठवेना. “चेत्पेटच असेल,” तो म्हणाला. दादांना तमिळचं अक्षर येत नव्हतं. खिशात फोन नव्हता. मुलाचं नाव विचारलं तर त्यांना सांगता येईल याचाही भरवसा नव्हता. माझ्या डोक्यावर हिरवी पाटी होती, दोन्हीकडे बाण दाखवणारी, आणि आयुष्यात पहिल्यांदा पाटी वाचून मला काही कळत नव्हतं.

बायकोला फोन केला. ती म्हणाली, “तू शोधायला लाग, पोलिसांना मी कळवते. आणि मी देव पाण्यात ठेवतेय.” एरवी मी चिडलो असतो.

मी चेत्पेटच्या रस्त्याला लागलो. थोडंच पुढे गेलो तर रस्ता माणसांनी भरलेला. अम्मनची मिरवणूक निघाली होती; डोक्यावर आंबिलीचे घडे घेतलेल्या बायका, कडुनिंबाचे डहाळे, ढोल. पोलिसाने गाडी अडवली. मी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विनवलं, माझे वडील पुढच्या बसमध्ये आहेत, मला जाऊ द्या. “सार, बस आधीच गेली, आता देवी जाईल. तुम्ही देसूरकडून फिरून जा,” त्याने शांतपणे सांगितलं. मी हुज्जत घातली, हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. ढोलाच्या आवाजात माझं बोलणं मलाच ऐकू येईना. मग माझ्यातला जोरच गेला. गाडी वळवली आणि तोंडातून निघून गेलं, “मला काही समजत नाही. आता तूच ने.” कुणाला म्हणालो, ते त्या क्षणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

देसूरच्या रस्त्याने मी केवळ वळसा घ्यायला चाललो होतो. एका वाडीवरच्या बसथांब्याच्या शेडमध्ये पांढरा सदरा दिसला. दादा बाकावर बसून इडली खात होते. शेजारी चष्मा लावलेल्या, मोगऱ्याचा गजरा माळलेल्या, साठीच्या एक बाई त्यांना पाणी देत होत्या. मी गाडी तशीच रस्त्यात सोडून धावलो आणि दादांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडलो.

“भिऊं नका. अस्की बरें आहे,” बाई म्हणाल्या. अस्की म्हणजे सगळं. ते मराठी होतं, पण मी कधी न ऐकलेलं, तमिळच्या चालीवरचं. त्या मूळच्या तंजावूरकडच्या, लग्न होऊन देसूरला आलेल्या. “बसमध्यें हे मागें बसून दत्ताचें नांव घेत होते. आमच्या घरीं माझा बाप असाच म्हणत होता. विचारलें, कुठें जातां? म्हणाले, वाडीला. मज वाटलें, यांचें मन ठीक नाहीं. म्हणून उतरविलें. पोलिसांस सांगणार होतें, पण मन म्हणालें, कोणितरी येईल, थोडें थांबूं.”

मी त्यांचे हात धरले. त्या म्हणाल्या, “मी या बसनें येत नाहीं हो कधीं. आज सकाळची चुकली.” पुढची बस आली, दादांना वाकून नमस्कार करून त्या चढल्या आणि गेल्या. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

दादा माझ्याकडे बघून जरा रागानेच म्हणाले, “कुठे होतास इतका वेळ? वाडीची गाडी लागली, म्हणून मी पुढे आलो.” मी त्यांच्या तोंडाला लागलेली चटणी रुमालाने पुसली आणि बायकोला फोन लावला. दोघंही नुसतेच रडत राहिलो.

संध्याकाळी आम्ही तिरुवण्णामलैला पोचलो. गाभाऱ्यासमोरच्या गर्दीत दादांचा हात मी घट्ट धरला होता. राग असला तरी, त्यांची स्मृती परत दे, असं एकदा मागून बघायचं मी घरून ठरवून निघालो होतो. समोर उभा राहिलो तेव्हा ते मागावंसं वाटलं नाही.

दादांचा आजार आहे तसाच आहे, वाढतोही आहे. माझा राग मात्र त्या दिवशी कुठेतरी गळून पडला. त्या दिवशी पोलिसाने मला सोडलं असतं, तर मी चेत्पेटपर्यंत धावत राहिलो असतो. मी जिला अडवणूक समजून भांडत होतो, तिनेच मला वडिलांपाशी नेलं. याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मी वाद घालत नाही. आता जे हाती नाही ते सोडून देता येतं, आणि रात्री झोप लागते. सकाळी दादांच्या शेजारी बसून मी हात जोडतो. ते बघत असोत वा नसोत.