बायकोच्या तपासणीचा फोन नवऱ्याने उचलला

नवरेमंडळींनो, आज तुमच्यावर डोकं फिरलंय. मी अलिबागला एका दवाखान्यात नर्स आहे. तपासणीची आठवण करून द्यायला पेशंटना फोन करते.

रेवसकडच्या एका ताईंना स्तनांच्या तपासणीला कितीदा बोलावलं. आज आल्या, त्या गाठ घेऊनच. विचारलं, "एवढे फोन केले, आधी का नाही आलात?"

"मला कोनी सांगितलंच न्हाय."

केसपेपरवर नंबर नवऱ्याचा. तो शेजारीच उभा. म्हणतो, "तिला कुठं काय होत होतं?"

स्वतःची शुगर तपासायला मात्र हाच माणूस माझ्या एका फोनवर हजर!

तुमच्या बायकोसाठी माझा फोन आला, तर तिच्या हातात देता, की "बरी आहे ती" म्हणून ठेवून देता?