हात येणारी खिडकी

मंडळी, आज स्वतःचीच इतकी लाज वाटतेय की कुणाला तरी सांगायलाच हवं.

इथे बंगळुरूच्या मारतहळ्ळीत आमच्या आणि शेजारच्या इमारतीत जेमतेम हातभर अंतर आहे. पुण्याहून आल्यापासून समोरच्या अक्का स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच मला कधी कढीपत्ता, कधी गरम चित्रान्न, म्हणजे लिंबाचा फोडणीचा भात, देतात.

गल्लीत चोरी झाली, म्हणून आज सगळ्या स्लायडिंग खिडक्यांना लॉक आणि जाळ्या बसवून घेतल्या. स्वयंपाकघरात मी मिस्त्रीला मोठ्याने सांगत होते, "भैया, ये वाली एकदम पक्की करना. सामने से कोई भी हाथ डाल सकता है."

वळून बघते तर समोर अक्का, हातात डबा. त्यांनी खिडकी लावून घेतली.

थोड्या वेळाने बेल वाजली. दुखऱ्या गुडघ्यांनी दोन्हीकडचे जिने चढून-उतरून अक्का तोच डबा घेऊन दारात उभ्या होत्या. मी "आत या ना" म्हटलं, तर त्यांनी चपलाही काढल्या नाहीत.

"बेडा अम्मा," नको म्हणून डबा माझ्या हातात देत त्या हळूच म्हणाल्या, "दरवाजा लॉक कर लो."

आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत. पण त्यात काय घालू, आणि कुठल्या तोंडाने जाऊ?