सड्यावरून गाडी कुणी उतरवली

आमच्या जिप्सीचा क्लच मला पुरत नव्हता. सीट पुढं ओढून, पाठीला उशी लावूनही पेडलला फक्त चवडा टेकायचा. मिरजेच्या गॅरेजवाल्या चाचांनी ते एकदा पाहिलं आणि पेडलवर लोखंडाची जाड पट्टी वेल्ड करून टाकली. म्हणाले, "भाभी, आता दाबा." दाबला, तर पार तळाला गेला. माझे यजमान हसत म्हणाले, "चाचा, गाडी हुईल तशी हुईल, पर बायकोचा पाय लय लांब झाला बघा." सगळे हसले. मीही हसले. तेव्हा मला त्या वाक्यात काही खुपलं नव्हतं.

यजमान फौजेत ड्रायव्हर-मेकॅनिक होते. निवृत्त होऊन आले ते डोक्यात जिप्सी घेऊनच. लिलावात निघालेली एक फौजी जिप्सी त्यांनी शोधून काढली. फौजेचा हिरवा रंग बाहेर चालत नाही, म्हणून तिला मातकट रंग दिला. पहिलं वर्षभर ती आमच्या सांगलीच्या दारापेक्षा चाचांच्या शेडमध्येच जास्त उभी होती. चाचांचं घराणं ट्रकच्या बॉड्या बांधणारं. त्यांनी आणि ह्यांनी मिळून पाट्यांचे स्प्रिंग अॅक्सलच्या वर चढवले, गाडी वीतभर उंच केली, मोठे दातेरी टायर बसवले, आतून पाइपांचा पिंजरा उभा केला आणि पाण्यात इंजिन गुदमरू नये म्हणून हवेची नळी बॉनेटपासून टपापर्यंत नेली. मी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळा सुटली की बस पकडून मिरजेला जायचे, शेडमध्ये स्टुलावर बसायचे आणि हात पुढं आला की त्यात पाना ठेवायचे. कोणत्या बोल्टला कोणता पाना, हे मला हळूहळू न सांगता कळायला लागलं.

ती गाडी कशी चालते हे थोडं सांगायला हवं. पुढच्या दोन्ही चाकांवर, मधोमध, गोल कुलपं असतात. खाली उतरून ती हातानं फिरवायची. मग आत गिअरच्या शेजारचा आखूड दांडा ओढला की चारी चाकं जोर लावतात. तोच दांडा आणखी पुढच्या खाचेत, 'लो'मध्ये टाकला की गाडी माणसाच्या चालीनं, पण हत्तीच्या ताकदीनं चढते-उतरते. डांबरी रस्त्यावर मात्र हा दांडा कधी टाकायचा नाही. वळणावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि आतले दाते तुटतात. हे मला ह्यांनीच शिकवलं.

शिकवलं ते आटपाडीकडच्या माळावर, आमच्या गावाबाहेर. तिथं कुसळं आणि दगडांशिवाय काही नाही, आणि बघायलाही कोणी नाही. फौजेत पोरांना शिकवून त्यांच्या अंगात एक शांतपणा आला होता. मी चुकले तरी आवाज चढायचा नाही. "पाय काड क्लचवरचा. पार काड. गाडीला ठरवू दे." नालीत उतरताना माझा पाय ब्रेककडं धावायचा, तर ते खिडकीबाहेर बघत बसायचे, जणू काही चाललंच नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण नवऱ्याशी खरी मैत्री झाली ती त्या माळावर. ते दिवस खोटे होते असं मी आजही म्हणणार नाही, आणि म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

एक गोष्ट मी तेव्हा पाहत होते आणि बाजूला सारत होते. माळ संपून गावची पहिली घरं दिसली की ते म्हणायचे, "हं, सर आता." मी सरकायचे, ते स्टिअरिंगवर बसायचे. कराड-कोल्हापूरकडच्या हौशी गाडीवाल्यांबरोबर जायचो तेव्हा तर मी डबेवाली वहिनीच. धपाटे आणि शेंगाचटणी माझी, चिखलातली गाडी ह्यांची. एकदा कोणीतरी विचारलं, "वहिनी चालवतात का?" हे म्हणाले, "छ्या. तिला भ्या वाटतं."

मग तो दिवस आला. पावसाळा सरत आला होता. पाटणकडच्या एका सड्यावर आम्ही दोघंच गेलो होतो. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं सपाट पठार. पवनचक्क्यांची पाती धुक्यात अर्धी दिसत होती. परत फिरायचं ठरलं. उतार निसरडा होता, म्हणून चाकांची कुलपं फिरवायला ते खाली उतरले. बराच वेळ झाला तरी वर येईनात. मी डोकावून पाहिलं. ते चाकापाशी उकिडवे बसले होते, कुलपावर हात होता आणि हात वळत नव्हता. मला वाटलं, चिखलानं जाम झालं असेल.

"काय ओ, फिरत न्हाई व्हय?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि काहीतरी बोलले. ते शब्द नव्हते. ओठाची उजवी बाजू खाली ओघळली होती.

आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या वडिलांना असाच लकव्याचा झटका आल्याचं मी ऐकलं होतं. वेळ घालवायचा नाही एवढंच डोक्यात राहिलं. फोनला रेंज नव्हती. त्या धिप्पाड माणसाला मी कसं उचललं, मला सांगता येणार नाही. शेजारच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि अंग कलतंय म्हणून ओढणीनं पिंजऱ्याच्या पाइपाला बांधलं. दोन्ही कुलपं फिरवली. दांडा 'लो'मध्ये टाकला, पहिला गिअर घातला आणि निघाले.

उताराची वाट म्हणजे लाल चिखलातली घळ होती. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. गाडी घसरली की पाय आपोआप ब्रेककडं जायचा, आणि मी तो ओढून परत घ्यायचे. "पाय काड. पार काड. गाडीला ठरवू दे," असं मी मोठमोठ्यानं म्हणत होते, स्वतःला की त्यांना, कोण जाणे. त्यांचा डावा हात माझ्या दंडावर होता. घट्ट.

खाली ओढा फुगला होता. येताना घोट्याएवढं असलेलं पाणी आता गाडीच्या तळाला लागलं. मध्यावर मी घाबरून वेग कमी केला आणि गाडी बंद पडली. पाण्याचा आवाज तेवढा राहिला. क्लच तळापर्यंत दाबला, चावी फिरवली. खोकून खोकून इंजिन लागलं, आणि एकदाही न थांबता मी गाडी ओढा ओलांडून वर काढली. डांबरी आली तेव्हा उतरून कुलपं सोडली, दांडा मागं घेतला. मग हॉर्नवर हात ठेवूनच कराड गाठलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, वेळेत आणलंत म्हणून इंजेक्शन देता आलं. उशीर झाला असता तर माणूस हाती लागला नसता. मी फोन करून बोलावलेला धाकटा दीर तिथं पोचला तोवर ह्यांना आत नेलं होतं. मी बाहेर बाकड्यावर चिखलानं माखून बसले होते. दीरानं मला चहा आणून दिला हे खरं आहे. ते नाकारणार नाही.

पुढचं हळूहळू झालं. भेटायला येणाऱ्यांना दीर सांगायचा, "गाडीनं वाचवलं बघा दादाला. दुसरी गाडी आस्ती तर सड्यावरच संपलं आस्तं." मला वाटलं, बरोबरच आहे, गाडीही होतीच की. मग गोष्टीत दीर आला. आधी तो घाटाखाली भेटला. दिवाळीपर्यंत त्यानंच घाटाखालून गाडी हातात घेतली होती. एका दुपारी मी आत भाकरी थापत होते आणि बाहेर पाहुण्यांपुढं ह्यांचा आवाज आला. जिभेला जडपणा होता, पण शब्द स्पष्ट होते. "धाकट्यानं आनलं. न्हाईतर काय खरं नव्हतं." भाकरी तव्यावर करपली.

मी त्यांच्यावर लगेच रागावले नाही. मला वाटलं, आजारानं तेवढा भाग पुसला असेल. डॉक्टरांना विचारलं, तेही म्हणाले, असं होऊ शकतं. त्या विचारावर मी काही महिने काढले. मिरजेला व्यायामासाठी नेत होते, हाताची बोटं एकेक उघडत होते, घास भरवत होते. आठवत नसलेल्या माणसावर राग तरी कसा धरायचा?

एकदा व्यायामानंतर आम्ही चाचांकडं थांबलो. चाचांनी सहज विचारलं, "त्या दिवशी नळीनं काम दिलं का? पाणी लागलं व्हतं का?"

हे म्हणाले, "दिलं की. वड्यात तिनं बंद पाडली हुती गाडी. मदीच."

चाचा माझ्याकडं बघायला लागले. मी ह्यांच्याकडं बघत होते. म्हणजे ओढा आठवत होता. त्यात मी होते हेही आठवत होतं. फक्त मी बंद पाडली तेवढंच सांगण्याजोगं होतं.

निवडणुका आल्या तेव्हा दीर जिप्सी मागायला आला. त्याचा उमेदवार उघड्या गाडीत उभा राहून गावोगाव फिरणार होता. मी म्हटलं, "भावजी, गाडी मला लागते. ह्यांना मिरजेला न्यायला." दीर हसला. "वैनी, रिक्षा हाय की. ह्या गाडीवर तुमी बरं दिसतंय व्हय?" मी ह्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी डाव्या हातानं उशीखालची चावी काढली आणि भावाच्या हातात दिली. माझ्याकडं पाहिलं नाही.

"डांबरीवर चारी चाकं लावू नका," एवढंच मी म्हटलं.

"तुमी घरातलं बघा, वैनी."

गाडी पुढं मी पाहिली ती चाचांच्या शेडमध्ये. टप कापून टाकला होता. पुढं दिव्यांची रांग, मागं गाणी वाजवायच्या पेट्या, बॉनेटवर उमेदवाराच्या तोंडाचं स्टिकर. गुलाल सीटच्या शिवणीत जाऊन बसला होता. क्लचवरची पट्टी ग्राइंडरनं उडवली होती, पायात येते म्हणून. चाचांनी खालून तेलाचं भांडं ओढून माझ्यासमोर धरलं. काळ्या तेलात दात्यांचे तुकडे होते.

"सगळी मिरवणूक चारी चाकं लावून केलीया, भाभी. जोर येतोय म्हनं." मग थांबून म्हणाले, "तुमी सांगितलं न्हाई का?"

"सांगितलं होतं."

त्यांनी भांडं खाली ठेवलं. दुरुस्त करू का, म्हणून विचारलं नाही. गाडी ह्यांच्या नावावर होती, आणि ह्यांनी ती दीराला दिली होती. दीरानं ती तशीच ओढून नेली आणि गावात आपल्या संपर्क कार्यालयापुढं शोभेला उभी केली. येणारे-जाणारे तिच्यावर चढून फोटो काढतात. ह्यांनाही ते आवडतं. तसे फोटो दीर पाठवतो आणि हे मला दाखवतात.

एकदा मी सरळ विचारलं. आम्ही दोघंच होतो, मी त्यांच्या उजव्या तळव्याला तेल लावत होते.

"त्या दिवशी सड्यावरून गाडी कुणी उतरवली?"

त्यांनी माझ्या तेलकट हातांकडं पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील. निदान या बंद खोलीत तरी.

"लो मदी हुती न्हवं," ते म्हणाले. "लो मदी कुनीबी उतरीवतंय."

मी तेल लावून संपवलं. हात पुसले. स्वयंपाक केला, वाढलं. भांडण केलं नाही, कारण भांडून मिळालं असतं ते मला नको होतं. पण त्या माळावरच्या माणसाचा, जो मी चुकले तरी खिडकीबाहेर बघत बसायचा, त्याचा मला आता फार संशय येतो. तो शांतपणा होता, की मी चालवतेय हे त्याला बघायचंच नव्हतं? हा प्रश्न डोक्यात आला त्या दिवसापासून माझ्याकडचे चांगले दिवसही नासले. याची भरपाई कोणी करू शकत नाही, त्यांनी उद्या गावभर खरं सांगितलं तरी.

अजून आम्ही रिक्षानं मिरजेला जातो. दवाखान्याबाहेरच्या बाकांवर माणसं एकमेकांना आपापली दुखणी सांगत असतात. हेही सांगतात. गेल्या आठवड्यात शेजारी तासगावकडच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, नवऱ्याला घेऊन आलेल्या. ह्यांनी सड्यावरची गोष्ट सुरू केली आणि "धाकट्या भावानं" इथवर आले.

"मी चालवत होते," मी म्हटलं.

हल्ली मी प्रत्येक वेळी म्हणते. लोक कधी हसतात, कधी ह्यांच्याकडं बघतात, कधी विषय बदलतात. हे भिंतीवरच्या पाटीकडं बघत बसले. त्या बाई मात्र माझ्याकडं वळल्या.

"डोंगरावनं? एकलीनं? मग भ्या न्हाई वाटलं गं तुला?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"वाटलं की," मी म्हटलं. "लय वाटलं."

त्या अजून काही विचारणार होत्या, पण ह्यांनी माझी बाही ओढली. "चल, नंबर आला," म्हणाले. नंबर आला नव्हता. तरी मी उठले, त्यांच्या काखेत हात घातला आणि त्यांना उभं केलं.