न सापडलेल्या कणाचा सत्कार

आमच्या घरी पाहुण्याच्या हाती आधी पत्रक पडायचं, मग पाण्याचा गिलास. आईबाबा दोघंही चळवळीतले. अमरावतीच्या त्या घरात वाचायलासुद्धा मी पत्रकांवरूनच शिकलो. छापलेलं खरं असलं पाहिजे, आणि खोटं निघालं तर खुलासाही छापूनच दिला पाहिजे, एवढाच आमचा घरचा धर्म.

म्हणून अकोल्याच्या सत्कार समितीचं पत्रक मोबाइलवर आलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. 'वऱ्हाडच्या लेकीने शोधला विश्वाचा नवा कण!' खाली ताईचा फोटो. कार्यक्रम त्याच संध्याकाळी; ताई त्यासाठीच घरी आली होती.

ताई सैद्धांतिक भौतिकशास्त्रात संशोधन करते. तिच्या ताज्या शोधनिबंधात नेमकं उलटं होतं. एक अतिशय हलका कण असावा, असं काही सिद्धांत सांगतात. तो तसा असता तर ताऱ्यांच्या पोटातली ऊर्जा घेऊन बाहेर निसटला असता आणि तारे लवकर थंड झाले असते. तसं दिसत नाही. म्हणजे त्या कणाला लपायला ज्या जागा होत्या, त्यांतली एक तिनं बंद केली. कण कुणालाच सापडलेला नाही.

"आमच्या संस्थेत कोणी हे पाहिलं तर मी खोटारडी ठरीन," ताई म्हणाली. "न लावलेल्या शोधाचं श्रेय घेतलं म्हणतील. मंग माझ्या गणितावर कोण विश्वास ठेवीन?"

मी समितीच्या अध्यक्षांना फोन लावला. ते बाबांचे जुने सहकारी.

"काका, कण सापडलेला नाही. तो तिथं नाही, हे तिनं दाखवलंय."

"मंग इतकी वर्षं पोरगी काय करून राहिली होती?"

"हेच करत होती!"

"अबे, काई सापडलं नाई म्हणून कोणी कोणाले शाल देते का? ठरावात 'शोधाबद्दल' असं लिहून आहे. ठराव पास झाला, आता बदलत नाई."

ठराव झाला म्हणजे कण झाला! आम्ही अकोल्याची बस पकडली आणि मी मांडीवर कागद घेऊन खुलासा लिहू लागलो. 'असा कण विश्वात नाहीच!' ताईनं ते वाक्य खोडलं.

"'आम्ही तपासलेल्या मर्यादेत आढळत नाही' असं लिही."

"ताई, पत्रक आहे हे. ठणकावून सांगावं लागतं."

"मंग 'मर्यादेत' ठणकावून सांग."

मूर्तिजापूर येईपर्यंत तिनं माझी सगळी उद्गारचिन्हं खोडली होती. एकीकडे ठरावानं कण जन्माला घालणारे काका, दुसरीकडे खरं सांगतानाही आवाज चढवू न देणारी बहीण. जास्त कुणावर चिडावं तेच कळेना.

अकोल्याच्या स्टँडजवळ झेरॉक्स काढून मी सभागृहाच्या दारात खुलासा वाटू लागलो. समितीचे कार्यकर्ते धावत आले. अडवतील म्हणून मी बाह्या सरसावल्या, तर त्यांनी अर्धा गठ्ठा उचलला आणि दुसऱ्या दारावर वाटायला घेतला. पत्रक आहे म्हणजे आपलंच, वाचायचं कशाला! आमच्या चळवळीचं हे दुखणं जुनं आहे.

व्यासपीठावर काकांनी "कण शोधणारी आपली लेक" म्हणत शाल उलगडली. ताईनं ती अंगावर पडू दिली नाही. हात जोडून माइक मागितला आणि खुलाशातलंच सांगितलं, शांतपणे, 'मर्यादेत'सकट.

पहिल्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "म्हणजे सापडलाच नाई ना, बाप्पा? तुमच्या माणसायनं वाटलेल्या कागदात तं तेच लिहून आहे!"

काकांनी तेव्हा कुठे कागद हातात घेतला. वाचला. मग माइक ओढला.

"ठराव शोधाबद्दलचा होता. कण अजून सापडला नाई. म्हणून सत्कार स्थगित. सापडल्यावर करू."

आणि शालीची घडी घालून त्यांनी ती पिशवीत ठेवली. सभागृह हसायला लागलं. ताईसुद्धा. ती खाली उतरताच मी तिला गाठलं.

"भर सभेत शाल परत घेतली, आणि तू हसतेस?"

"त्यायनं माइकवर सांगितलं ना, सापडला नाई म्हणून? मले तेवढंच पायजे होतं," ती म्हणाली आणि मला बाजूला सारून पहिल्या रांगेकडे गेली. त्या बाई तिला विचारायला थांबल्या होत्या, तारा थंड होतोय हे इथं बसून कसं कळतं.