मुख्य लेखक : नाही

धुळ्याच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्राची कायम जागा निघाली, तेव्हा माझा पोस्टडॉकचा, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाचा, करार संपायला दोन महिने होते. तो तिसरा करार होता. चौथा मिळणार नव्हता. सावद्याला आबा, म्हणजे माझे वडील, एकटे असतात. केळीची बाग त्यांनी बटाईने दिली आहे. धुळ्याहून दर शनिवारी बसने घरी येता आलं असतं. मला ती जागा हवी होती.

अर्जात प्रकाशनांचा तक्ता होता. शेवटचा रकाना : मुख्य लेखक आहात का? मी सगळीकडे ‘नाही’ लिहिलं. आमच्या प्रयोगात मुख्य लेखक नसतोच. कणांच्या टकरी टिपणारं ते यंत्र हजारो माणसं मिळून चालवतात आणि प्रत्येक पेपरवर सगळ्यांची नावं आडनावांच्या अक्षरक्रमाने छापतात. माझं आडनाव रोमन वर्णमालेच्या शेवटाकडे येतं.

माझं स्वतःचं काम वेगळं होतं. यंत्राच्या बाहेरच्या थरातून खोटे संकेत येत. खऱ्या कणाचा संकेत कोणता आणि नुसता विजेचा गोंगाट कोणता, हे वेगळं काढायची पद्धत बसवायला मला चौदा महिने लागले. त्याचा अंतर्गत अहवाल झाला. त्यावर तीनच नावं, पहिलं माझं. पण अंतर्गत अहवाल प्रयोगाबाहेर दाखवायचा नाही, असा नियम आहे. मुलाखतीच्या दिवशी तो लॅपटॉपमध्ये होता आणि लॅपटॉप माझ्या पायाशी.

समोर तिघे होते. अध्यक्षांनी पेपर चाळला.

“तुमचं नाव कुठे आहे, मॅडम?”

“अठ्ठाविसाव्या पानावर.”

“आमच्याकडे लग्नपत्रिकेत सगळी भावकी छापतात,” शेजारचे सदस्य म्हणाले, “तीसुद्धा एका पानात बसते.”

“प्रत्येकाने एकेक शब्द लिहिला असेल,” तिसरे म्हणाले. “मग तुमचा कोणता?”

मी काम समजावून सांगितलं. अध्यक्षांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“याचं लेखी काही आहे? ज्यावर तुमचं नाव पहिलं असेल?”

मी लॅपटॉपच्या पिशवीकडे पाहिलं.

“दाखवण्यासारखं नाही,” मी म्हणाले.

त्यांच्या नियमाप्रमाणे पेपरचे गुण लेखकांच्या संख्येने भागायचे होते. बाजूच्या टेबलावर बसलेल्या कारकुनाने माझ्यासमोरच कॅल्क्युलेटरवर भागाकार केला. दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर शून्य आलं. तिसऱ्या पेपरनंतर त्याने कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला आणि उरलेल्या रकान्यांत शून्यं भरली.

बाहेर कागदपत्रं परत देताना तो हळूच म्हणाला, “ताई, ‘हो’ लिहायचं ना. मुख्य लेखकाचे गुण भागत नाहीत. एवढ्या नावांत कोण बघायला बसलंय?”

“बाकीच्यांनी लिहिलंय?”

“मी कुठं काय म्हणालो?”

आठवड्याने निवडयादी लागली. तीत मी नव्हते. त्याच महिन्यात एका सहकाऱ्याने परिषदेत माझी पद्धत मांडली. पहिल्या स्लाइडवर त्याचं नाव आणि खाली ‘प्रयोगाच्या वतीने’. प्रयोगाने मंजूर केलेलं काम त्याच्या वतीने कोणीही मांडू शकतं; त्याने नियम मोडला नाही. मीही मोडला नव्हता.

आता मी सावद्याला आहे. करार संपल्यावरही वर्षभर नाव लेखकांच्या यादीत राहतं, म्हणून पेपर येत राहतात. आबा ओट्यावर बसून माझा लॅपटॉप मांडीवर घेतात. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, पण आमचं आडनाव कसं दिसतं ते त्यांनी ध्यानात ठेवलं आहे.

“तुहं नाव कुठी हाये यात?”

“शोधा.”

ते पडद्यावर बोट ठेवून ओळीओळीने खाली येतात. वेळ लागतो, पण सापडतं. मग शेजाऱ्याला हाक मारून दाखवतात.

माझं ते वर्ष मार्चमध्ये संपतं. ते मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.