उघड्या कानांची बाळंतीण

“मान धर नं त्याची, मान!”

येशूच्या आईला, मेरीला, असं दरडावणारी बाई मी अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये पाहिली. आमच्या म्युझियमच्या एका खोलीत पाचशे वर्षांपूर्वी बेल्जियमकडच्या कुणा चित्रकाराने ओकच्या फळीवर रंगवलेली मेरी आहे, मांडीवर उघडंनागडं बाळ. माझा नवरा सॉफ्टवेअरमध्ये आणि मी या चित्रांच्या राखणीला. लोक चित्रं कशी बघतात, तुम्हाला ठाऊकच आहे. पाटी वाचतात, मान डोलावतात आणि कॉफी प्यायला जातात. या काकू पाटी वाचत नसत. त्या बाळंतिणीची तपासणी करत.

“कान बांधले नाहीत, केस मोकळे. वारा शिरेल की! अन् इतक्या तान्ह्याच्या हातात फळ? बाप्पा!”

“काकू, तुम्ही हिच्या आई की सासू?” मी हसू दाबत विचारलं.

“आजी,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा मेरीकडे वळल्या.

हळूहळू सगळं कळलं. काकू नागपूरहून लेकीच्या बाळंतपणासाठी आल्या होत्या, डिंक आणि टोपरी बांधून घेऊन. पण नात फार आधीच जन्मली आणि सरळ काचेच्या पेटीत गेली. हिवाळ्यात तापाची साथ, त्यामुळे हॉस्पिटल आईबापाशिवाय कुणालाच आत सोडत नव्हतं. लेक-जावई वर, काकू खाली लॉबीत. तिथे बसवेनासं झालं की बस पकडून आमच्याकडे यायच्या. नातीला त्यांनी फक्त फोनवर पाहिलं होतं. इथला मुक्काम संपत आला होता, तिकीट काढलेलं होतं. जाण्याआधी तिला एकदा मांडीवर घेता येईल का, एवढाच काय तो प्रश्न. तो त्यांनी कधी तोंडाने विचारला नाही.

मग तो दिवस आला. डॉक्टर नातीची श्वासाची नळी काढणार होते. आधी एकदा काढली होती, पण घाईघाईने परत घालावी लागली होती. काकू आल्या त्या सरळ मेरीच्या चित्रापुढे उभ्या राहिल्या. त्यांनी पर्समधून डबी काढली, तिच्यात बोट फिरवलं. काजळ!

बोट चित्राकडे गेलं तसा अलार्म वाजला. मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं. बोट चित्रातल्या बाळाच्या गालापासून वीतभरसुद्धा लांब नव्हतं.

“काकू, काय करताय?”

“तीट लावते. तिथे लावू देत नाहीत. म्हटलं, इथे तरी…”

मला राग आला होता, पण काकूंचा नव्हे. कुणाचा, ते मलाही सांगता येणार नाही. वॉकीटॉकीवर सुपरवायझर ओरडत होता. बाई जरा जवळ गेल्या, एवढंच, असं मी त्याला सांगितलं आणि काकूंचं बोट माझ्या रुमालाने पुसलं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो माझ्या हातात कोंबला.

“तू ऐक. माझ्याच्यानं नाही होत.”

पलीकडे लेक रडत होती. नुसतं रडणं. काकू माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

“हॅलो, आई? ट्यूब काढली! स्वतः ब्रीद करतेय. रडली गं, आवाज ऐकला आम्ही तिचा!”

मी सांगितलं तशा काकू मटकन जमिनीवर बसल्या. सहलीला आलेली शाळेची एक रांग त्यांना वळसा घालून पुढे गेली.

तरी नातीला घरी सोडत नव्हते. तिकिटाची तारीख काही हलत नव्हती. “सोडतील नं गं?” असं काकू आता उघड विचारू लागल्या. मी “सोडतील” म्हणायचे आणि मनातून घाबरायचे.

त्या निघणार, त्याच्या आदल्या दुपारी त्यांच्याकडून नंबर घेऊन लेकीने मला फोन केला. “ताई, डिस्चार्ज मिळाला! घरी चाललोय. आईला तुम्हाला बाळ दाखवायचंय, दोन मिनिटं बाहेर येता?”

मी कोट न घालताच बर्फात पळाले. गाडी कडेला उभी होती. गाडी थांबते न थांबते तोच काकूंनी मागे बाळासाठी लावलेल्या छोट्या सीटचे पट्टे सोडवून नातीला मांडीवर घेतलं होतं. “आई, प्लीज, तिला परत सीटमध्ये ठेवा, निघायचंय,” जावई म्हणत होता.

मी काचेवर टकटक केली. काकूंनी वर पाहिलंच नाही. मी पुन्हा टकटक केली नाही.