व्याह्यांनी उघडलेलं डिफरन्शियल

माझे व्याही मला कळले होते असं मी म्हणू शकत नाही. सात वर्षांत आम्ही धड बोललो ते शेवटच्या दोन आठवड्यांत, तेही गाडीखाली. त्याआधी भेटलो की तब्येत, पोरांची चौकशी, आणि मग दोघंही घड्याळाकडे बघायचो. त्यांच्यावर लिहायला माझ्यापेक्षा लायक माणूस असेलच. पण कुणी लिहिलं नाही.

ते कारखान्यात फिटर होते, मी ग्रंथालयात पुस्तकं देत-घेत आयुष्य काढलं. मग माझ्या मुलाने दुसरीकडे संसार मांडला आणि सून माहेरी गेली. कागदांवर सह्या झाल्या. आता व्याह्यांना काय म्हणून हाक मारायची हेच मला कळेना, म्हणून चार महिने मी फोन केला नाही.

शेवटी त्यांचाच आला. "व्याही, मोकळे आहात का? डिफरन्शियल खोललंय. दोन हात कमी पडतायत."

गेलो. घराशेजारच्या पत्र्याखाली त्यांची जुनी गाडी मागून उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवून ठेवली होती. मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा उघडा होता. इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटून देणारी दातेरी चक्रं त्यात असतात, हे मला त्या दिवशी कळलं. खालच्या परातीतल्या काळ्या तेलात चंदेरी कण चमकत होते.

"बेअरिंग झिजून पडलंय हे," ते म्हणाले. "वेग कमी केला की मागून रडल्यासारखा आवाज यायचा. व्याही, बॅटरीचा उजेड चक्रावर धरा. माझ्या तोंडावर काय शोधताय?"

सून चहा घेऊन आली. माझ्याकडे न बघता कप पुढे केला आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, आवाज तर आवाज. चालत होती ना गाडी? आता रविवारपर्यंत जोडा म्हणजे झालं."

रविवारी ती नव्या नोकरीच्या गावी जायची होती. नऊ तासांचा रस्ता. ती आत गेल्यावर व्याही हळूच म्हणाले, "घरात एक शब्द बोलत नाही. पण गाडीत बोलते. लहानपणापासून तशीच. समोर रस्ता असला, कुणाच्या तोंडाकडे बघायचं नसलं, की सगळं सांगते. नऊ तास मिळतील मला."

म्हणून ही सगळी खटपट. वाटेत गाडी बंद पडायला नको होती.

बेअरिंगं नवी बसवली. दोन बेअरिंगच्या मध्ये एक पातळ लोखंडी नळी असते. नट आवळत जाऊ तशी ती चेपते आणि बेअरिंग नेमकं बसतं. नट फार घट्ट, म्हणून पान्याला लांब पाइप लावून तो मी ओढायचा आणि प्रत्येक वेळी त्यांनी चक्र हाताने फिरवून अंदाज घ्यायचा, असं ठरलं.

"एकदा जास्त चेपली की नळी गेली. नट सैल करून परत येत नाही. तेव्हा पुस्तकावर शिक्का मारता तसं, बेताने."

"थोडं," ते म्हणायचे. मी ओढायचो. "थांबा." फिरवून बघायचे. "अजून थोडं."

मी मात्र मनात वाक्य जुळवत होतो. माझ्या मुलाने जे केलं त्याबद्दल मला लाज वाटते, एवढंच सांगायचं होतं. चार महिने जुळवत होतो. तोंड उघडलं, आणि त्याच वेळी ते "थांबा" म्हणाले ते मला ऐकूच आलं नाही. मी ओढला.

त्यांनी फिरवून बघितलं. फिरेना. पुन्हा एकदा बघितलं.

"गेली," ते म्हणाले.

एकच नळी आणली होती. दुसरी मागवायला आठवडा लागणार होता.

"व्याही, मी..."

"अहो, माझ्याही हातून दोनदा गेलीय. आमच्या साहेबांनी तेव्हा शिव्या घातल्या होत्या. तुम्ही व्याही पडलात, तुम्हाला कशा घालू?" असं म्हणून हसले. पण नंतर बराच वेळ कापडाने तोच एक पाना पुसत राहिले.

रविवारी सून बसने गेली.

नवी नळी आल्यावर त्यांनी मला पुन्हा बोलावलं. दुसरं कुणी असतं तर बोलावलं नसतं. या वेळी मी फक्त त्यांच्या तोंडाकडे बघत पाइप ओढला. मग त्यांनी चक्राच्या दातांना रंग लावला, फिरवून ठसा बघितला, आणि तो दाताच्या बरोबर मधे उमटल्यावर, म्हणजे चक्रं नीट जुळली असं सांगत, मला खाली वाकवून दाखवला. जोडाजोड करून, तेल भरून आम्ही गाडी फिरवून आणली. मागून आवाज आला नाही. माझं वाक्य तसंच राहिलं.

तो मंगळवार होता. शुक्रवारी सकाळी ते आंघोळीला गेले आणि तिथेच गेले. सून बसनेच आली. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "गाडी झाली होती ना हो, बाबा?" मला ती अजून बाबा म्हणाली. मी मान डोलावली.

मंगळवारी त्यांनी मला घरापर्यंत सोडलं होतं. मी उतरल्यावर खिडकीची काच खाली करून म्हणाले, "शनिवारी जातो तिच्याकडे. रविवारी फिरवून आणतो तिला, लांबवर कुठेतरी. तुम्हीही चला."

"मी कशाला? मी असलो तर ती बोलायची नाही."

"तेही खरंच," ते म्हणाले. "मग आल्यावर सांगतो."

"सांगा," मी म्हणालो.